हॉलमध्ये शिरण्याआधी, हॉलबाहेर पडल्यावर

पॉल इंग्राम आणि मायकल मॉरिस या दोन अभ्यासकांनी एका नेटवर्किंग मेळाव्यात आलेल्यांना इलेक्ट्रॉनिक बिल्ले लावले आणि कोण कोणाला भेटतं, किती वेळ बोलतं ते मोजलं. जमलेली मंडळी व्यवसायात मुरलेली होती. मेळाव्याआधी विचारलं तेव्हा बहुतेकांनी सांगितलं होतं की नवीन माणसं भेटावीत म्हणून येतोय. बिल्ल्यांनी मात्र वेगळीच साक्ष दिली. माणसं आधीच्या ओळखीच्या लोकांभोवतीच घोटाळत राहिली. हा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर फोन बदलले, ॲप बदलली, पण कुठल्याही परिषदेच्या मधल्या सुट्टीत डोकावलं तर दृश्य तेच दिसतं.

याला लाजरेपणा म्हणता येईल, पण मला ते कारण अपुरं वाटतं. अनोळखी माणसाशी बोलणं सुरू करायला हाताशी एखादा धागा लागतो. तो हॉलमध्ये उभ्या उभ्या सापडत नाही, घरून शोधून न्यावा लागतो. सोशल नेटवर्कचा कामाच्या ओळखींसाठी खरा उपयोग इथेच आहे: भेटीच्या अलीकडे आणि भेटीच्या पलीकडे. दोन तासांच्या कार्यक्रमासाठी आधी दोन तास आणि नंतर एक तास ऑनलाइन काम, हे माझ्या मते रास्त प्रमाण. बहुतेक जण आधी शून्य तास देतात. नंतर खिशातली व्हिजिटिंग कार्डं खणात टाकतात आणि नेटवर्किंगचा काही उपयोग होत नाही म्हणतात.

कोणाला भेटायचं हे आधी ठरवा

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा 1973 सालचा लेख या विषयात अजूनही पायाचा मानला जातो. ओळखीतून नोकरी मिळालेल्या 54 जणांना त्याने विचारलं होतं की ज्याच्याकडून माहिती मिळाली त्याला त्या काळात तुम्ही किती वेळा भेटत होता? वारंवार भेटणारे निघाले 16.7 टक्के, अधूनमधून भेटणारे 55.6 टक्के आणि क्वचितच भेटणारे 27.8 टक्के. कारण सरळ आहे. रोजच्या माणसांना जे ठाऊक असतं ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतंच. नवी बातमी येते ती शेजारच्या वर्तुळातून. पुढे 2022 साली लिंक्डइन या कामाच्या ओळखींसाठीच्या सोशल नेटवर्कवरच्या दोन कोटी लोकांच्या माहितीवर झालेल्या अभ्यासात याला एक महत्त्वाची पुरवणी जोडली गेली. अगदी दूरच्या ओळखींपेक्षा मध्यम दूरच्या, म्हणजे काही थोड्या समान ओळखी असलेल्या माणसांमुळे नोकरी बदलण्याची शक्यता जास्त दिसली.

म्हणून यादी करताना सर्वांत मोठं नाव शोधत बसू नका. तीन आठवडे आधी आयोजकांचं पान उघडा, वक्त्यांची नावं घ्या. मग कार्यक्रमाचं नाव आणि त्याचा हॅशटॅग टाकून मागच्या वर्षीच्या पोस्ट शोधा. फोटोत कोण होतं, कोणी सविस्तर लिहिलं होतं ते बघा. जे मागच्या वर्षी आले त्यातले बरेच यंदाही येतात. कार्यक्रमाचं लिंक्डइनवर स्वतंत्र पान असेल तर ‘येणार’ अशी नोंद केल्यावर बहुधा इतर येणाऱ्यांची यादीही दिसते. यातली दुसऱ्या पातळीची माणसं, म्हणजे तुमच्या ओळखीच्या कोणाच्या तरी ओळखीची, वेगळी काढा. एक सूचना: फुकट खात्यावर शोधाला महिन्याची मर्यादा असते. ती संपली की पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपर्यंत थांबावं लागतं. हे काम महिनाअखेरीला काढलं की नेमकं तिथे अडकायला होतं.

बारा नावं निघाली तर त्यातली पाच ठेवा. दोघं असे की ज्यांचं काम तुमच्या कामाला थेट भिडतं. दोघं शेजारच्या क्षेत्रातले. आणि एक असा की ज्याला सगळे ओळखतात. हा पाचवा माणूस बहुधा मंचावर नसतो. तो नोंदणीच्या टेबलापाशी असतो किंवा स्वयंसेवकांचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवत असतो. आयोजकांना कार्यक्रमाआधी ‘काही मदत लागली तर सांगा’ असं लिहिणारे फार थोडे असतात. त्यामुळे तसं लिहिणारा लक्षात राहतो, आणि त्या दिवशी चार जणांशी त्याची गाठ हा पाचवा माणूसच घालून देतो.

प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहा. हा माणूस सध्या कशावर काम करतोय किंवा बोलतोय? आणि मी त्याला नेमका कोणता प्रश्न विचारणार? दुसरा रकाना रिकामा राहिला तर नाव खोडा. प्रश्न नसताना भेटलं की संभाषण ‘आपण काय करता’ वर सुरू होतं आणि तिथेच विरतं.

तयारीचा अतिरेकही नको. समोरच्याने कामाच्या संदर्भात जाहीरपणे मांडलं आहे तेवढंच वापरायचं. लेख, सत्र, नवी जबाबदारी, एखाद्या विषयावरचं मत. कोणी इन्स्टाग्रामवर मुलीच्या वाढदिवसाचे फोटो टाकले असतील आणि ते सगळ्यांना दिसत असतील, तरी पहिल्या भेटीत त्याचा उल्लेख झाला की समोरचा एक पाऊल मागे सरकतो. आणि मागे सरकला की पुढचं सगळं बोलणं तिथूनच होतं.

दोनशे अक्षरांची कसरत

आता मेसेज. लिंक्डइनवर कनेक्ट रिक्वेस्टसोबत टीप जोडता येते. फुकट खात्याला ती 200 अक्षरांत बसवावी लागते, आणि अशा टीप जोडलेल्या रिक्वेस्ट महिन्याला मोजक्याच पाठवता येतात. म्हणून त्या या पाच नावांसाठीच राखून ठेवा. मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक अडचण येते, ती सहसा कोणी सांगत नाही. संगणक आपल्यासारखं अक्षर मोजत नाही. प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला न दिसणारा हलन्त ही सगळी स्वतंत्र अक्षरं धरली जातात. ‘नमस्कार’ आपल्याला चार-पाच अक्षरांचा वाटतो, तिथे तो सातचा होतो. म्हणजे हातात जेमतेम पंचवीस-तीस शब्द उरतात.

नेहमी दिसणारा नमुना असा असतो:

‘नमस्कार सर, तुमचं प्रोफाइल पाहून खूप प्रभावित झालो. तुमच्या नेटवर्कमध्ये सामील व्हायला आवडेल.’

यात चूक एकच आहे: हा मेसेज कोणालाही पाठवता येतो. वाचणाऱ्याला ते दुसऱ्या शब्दापाशीच कळतं. आता हा बघा:

‘नमस्कार. 14 तारखेच्या परिषदेत तुमचं गोदाम व्यवस्थापनावरचं सत्र ऐकणार आहे. परत आलेल्या मालाच्या नोंदीबद्दल एक प्रश्न आहे. सत्रानंतर पाच मिनिटं भेटता येईल?’

बावीस शब्द, मोकळ्या जागांसकट 153 अक्षरं. कुठे भेटणार, कशाबद्दल, किती वेळ, हे सगळं आलं. स्तुती नाही, स्वतःची ओळख नाही. ओळख प्रोफाइलवर आहेच, ज्याला हवी तो टिचकी मारून बघेल. शेवटी जो प्रश्न आहे त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर लागतं, फोनवर एका अंगठ्याने देता येईल असं.

पाठवायची वेळ सात ते दहा दिवस आधीची. आदल्या संध्याकाळी पाठवला तर वक्ता प्रवासात असतो किंवा स्लाइड दुरुस्त करत असतो. उत्तर आलं नाही तर कार्यक्रमाआधी दुसरा मेसेज नको. प्रत्यक्ष भेटल्यावर ‘परतीच्या मालाबद्दल लिहिलं होतं, तो मीच’ असं सहज म्हणावं. ‘तुम्ही उत्तर दिलं नाहीत’ हा सूर चुकूनही लागू देऊ नये. उत्तर न देणाऱ्यांपैकी अनेकांनी मेसेज वाचलेला असतो, आणि तो आठवला की ते स्वतःच ओशाळून जास्त वेळ देतात.

थेट मेसेज करायला जीव धजावत नसेल तर कमेंटची वाट आहे. तीन आठवड्यांत त्या माणसाच्या दोन-तीन पोस्टवर काहीतरी भर घालणारं लिहा: एखादा आकडा, एखादा उलट अनुभव, एखादी शंका. ‘छान मांडलंय’ किंवा जोडलेले हात यांनी भर पडत नाही. नाव दोनदा डोळ्यांखालून गेलेलं असलं की बिल्ल्यावर ते दिसताक्षणी समोरचा ‘अरे, तुम्हीच का ते’ म्हणतो. भेटीपूर्वीचं ऑनलाइन काम एवढ्यासाठीच असतं. कोणाचं प्रोफाइल पाहिलं की त्यालाही ते कळतं, हीदेखील दारावरची हलकी टकटकच आहे. म्हणून या दिवसांत स्वतःचं नाव लपवून प्रोफाइल बघण्याची सोय बंद ठेवा.

स्वतःच्या प्रोफाइलबद्दल फार लिहीत नाही, त्यावर ढीगभर लिहून झालंय. दोनच गोष्टी. फोटोचं काम तुम्ही गर्दीत ओळखू यावं हे आहे, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा, स्टुडिओत काढलेला, आता नसलेल्या मिशांचा फोटो निरुपयोगी. आणि नावाखालची ओळ 220 अक्षरांपर्यंत जाऊ शकत असली तरी फोनवरच्या यादीत तिची सुरुवातच दिसते. तिथे ‘उत्साही, ध्येयवादी व्यावसायिक’ लिहिलं तर ती जागा वाया गेली. ‘शीतगृहांसाठी तापमान नियंत्रण, औषधं आणि लसी’ असं लिहिलं की पुढचा प्रश्न समोरच्याला आपोआप सुचतो. नाव प्रोफाइलवर आणि बिल्ल्यावर एकसारखं हवं. एका ठिकाणी लाडकं नाव आणि दुसरीकडे आद्याक्षरं असली की कार्यक्रमानंतर शोधणारा दमून सोडून देतो.

हॉलमध्ये फोन कमी, पण नेमका

लिंक्डइनच्या ॲपमध्ये शोधपट्टीच्या टोकाला क्यूआर कोडचं चिन्ह असतं. त्यात स्वतःचा कोड मिळतो. तो आदल्या दिवशीच फोटोंमध्ये साठवून ठेवा. तळघरातल्या सभागृहात रेंज नसते, ॲप गोल गोल फिरत राहतं आणि दोन माणसं एकमेकांच्या फोनकडे बघत अवघडून उभी राहतात. साठवलेला कोड निदान समोरच्याला त्याच्या फोनने टिपता येतो. दुपारनंतर बॅटरी संपते ही दुसरी हमखास अडचण, म्हणून पॉवर बँक बरोबर ठेवा. कोड बोलण्याच्या शेवटी काढायचा. सुरुवातीलाच काढला की ओळख ही देवघेवीची पावती होऊन बसते.

घाईत ‘कनेक्ट’ दाबलं की टीप न जोडताच रिक्वेस्ट जाते. समोरासमोर उभे असताना त्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते रात्री, खोलीवर परतून एका दमात पस्तीस कोऱ्या रिक्वेस्ट पाठवल्या की. ज्याच्याशी बारा मिनिटं बोललात त्याच्याही यादीत तुम्ही आणखी एक अनोळखी असता.

बोलणं संपलं की पाच पावलं बाजूला जाऊन फोनमध्ये तीन गोष्टी टिपा: कुठे भेटलो, ते कशात अडकलेत, कोणी काय द्यायचं कबूल केलं. टिपण असं दिसेल:

‘14 ता., दुपारच्या सत्रानंतर. औषधांचं शीतगृह. परतीच्या मालाची वही अजून कागदावरच. नमुना तक्ता मी पाठवायचा, मंगळवारपर्यंत.’

एवढं पुरे. नाव आठवत नसेल असं वाटलं तर विचारून बिल्ल्याचा फोटो घ्या. ‘नाव चुकू नये म्हणून’ असं म्हटलं तर नाही कोणी म्हणत नाही. हे टिपण ‘संध्याकाळी लिहू’ वर टाकलं की चार माणसांची एक मिसळ डोक्यात तयार होते आणि तक्ता भलत्यालाच जातो.

ठरवलेल्या पाचपैकी तिघं भेटले तरी दिवस सार्थकी लागला समजा. उरलेला वेळ योगायोगाला मोकळा सोडा. आणि दोन वेगवेगळ्या ओळखीच्या माणसांना तिथल्या तिथे एकमेकांशी जोडून द्या. गटात चारापेक्षा जास्त माणसं झाली की गप्पा आपोआप फुटतात, दोन संभाषणं होतात. त्यामुळे पाचवा आला की कोणाला तरी बाजूला घेऊन बोलायला ती उत्तम संधी असते, कोणाला तुटल्यासारखंही वाटत नाही.

पलीकडचं काम

हॉलमधून बाहेर पडल्यावर बहुतेकांना एकच शंका खाते: मी आवडलो असेन का, परत लिहिलं तर त्रास तर होणार नाही? 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अनोळखी लोकांना एकमेकांशी बोलायला लावून नंतर विचारलं गेलं. आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज माणसं सातत्याने कमी लावतात, असं त्यात आढळलं. समोरचाही घरी जाऊन तुमच्यासारखाच विचार करत असतो. तेव्हा लिहा, आणि दोन दिवसांच्या आत लिहा. त्याने तेवढ्या वेळात चाळीस चेहरे पाहिलेले असतात.

या मेसेजला तीन वाक्यं लागतात. पहिलं आठवण करून देणारं, दुसऱ्यात कबूल केलेली गोष्ट, तिसऱ्यात पुढचं काही असेल तर ते:

‘शुक्रवारी जिन्याजवळ आपण परतीच्या मालाबद्दल बोललो. म्हटल्याप्रमाणे तक्ता जोडतोय. तिसऱ्या रकान्यात तापमान टाकायची सोय केली आहे. महिनाभर वापरून काय अडतं ते कळवाल का?’

‘जिन्याजवळ’ हा शब्द यात सर्वांत मोलाचा. जागा आठवली की चेहरा आठवतो. कंपनीचं माहितीपत्रक जोडायचा मोह आवरा. माहितीपत्रक जोडलं की मदत मागे पडते आणि विक्री पुढे येते. पुढचं काही नसेल तर तिसरं वाक्य गाळा. ‘संपर्कात राहू’ हे वाक्य लिहिल्याने कोणी संपर्कात राहत नाही.

यापुढे मात्र स्मरणशक्तीवर भिस्त ठेवू नये. एक साधा तक्ता ठेवा: नाव, कुठे भेट झाली, शेवटचं बोलणं कधी, सध्या ते कशावर आहेत, पुढे लिहायचं निमित्त. चाळीस-पन्नास ओळी पुरतात. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबर याने 1990च्या दशकात मांडलेला आकडा प्रसिद्ध आहे: माणूस साधारण 150 जणांशीच खरं नातं राखू शकतो. त्यात घरचे, मित्र, सहकारी सगळे आले. कामाच्या ओळखींच्या वाट्याला त्यातला एक तुकडाच येतो. लिंक्डइन 30,000 जणांना जोडू देतं, पण म्हणून ती नाती होत नाहीत. महिन्यातून एकदा अर्धा तास काढून तक्ता वरून खाली वाचा आणि ज्यांच्यापुढे निमित्त आहे अशा चार-पाच जणांनाच लिहा.

निमित्त म्हणजे काय? त्यांच्या अडचणीवर उत्तर ठरेल असा एखादा लेख. त्यांच्या क्षेत्रात बदललेला एखादा नियम. तुम्हाला पडलेला, त्यांनाच विचारण्याजोगा प्रश्न. नवी नोकरी किंवा कामाची वर्षपूर्ती झाली की ॲप तयार अभिनंदनाचं बटण पुढे करतं. ते दाबू नका. त्या माणसाला त्याच दिवशी तशीच, शब्दशः तीच अभिनंदनं थोकात आलेली असतात. चार दिवस थांबून दोन ओळी लिहा, त्यात त्या कामातलं काहीतरी नेमकं असू द्या. गर्दी ओसरल्यावर आलेलं पत्र वाचलं जातं.

जुन्या, विझत आलेल्या ओळखींनाही हेच लागू आहे. 2011 साली लेविन, वॉल्टर आणि मर्निघन यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अधिकाऱ्यांना सांगितलं होतं की तीनेक वर्षं संपर्क नसलेल्या लोकांशी पुन्हा बोला आणि चालू कामाबद्दल सल्ला घ्या. मिळालेला सल्ला चालू ओळखींपेक्षा अधिक नवा निघाला, आणि जुना विश्वासही टिकून असल्याचं दिसलं. यातली एकच खरी अडचण म्हणजे पहिलं वाक्य. ‘इतक्या वर्षांनी लिहितोय म्हणून माफ करा’ यावर तीन ओळी खर्चू नका. एक जुना संदर्भ द्या, एक प्रश्न विचारा, संपवा.

स्क्रीनवरून समोरासमोर

काही ओळखी ऑनलाइनच जन्मतात आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतात. त्यांना भेटीवर आणायचं तर विनंती पाळायला सोपी हवी. ‘कधीतरी भेटू या’ याला उत्तरच नसतं. वीस मिनिटं, दोन पर्यायी वेळा, विषय एका ओळीत, जागा त्यांच्या सोयीची, आणि नकार द्यायला मोकळी वाट:

‘पुढच्या आठवड्यात तुमच्या भागात येतोय. मंगळवारी 11 किंवा बुधवारी 4 वाजता वीस मिनिटं जमतील का? लहान गोदामांच्या विम्याबद्दल तुमचं मत हवंय. या वेळी जमणार नसेल तर फोनवरही चालेल.’

कामानिमित्त दुसऱ्या शहरात जाणं ठरलं की दहा दिवस आधी लिंक्डइनवर आपल्याच जोडलेल्या लोकांमध्ये त्या शहराची चाळणी लावा. हा उपाय फुकट आहे, दोन मिनिटांचा आहे आणि बहुतेकांना आठवतो तो परतीच्या प्रवासात. दिवसाला दोनपेक्षा जास्त भेटी ठरवू नका, कारण पहिली लांबली की बाकीच्या सगळ्या कोसळतात. ज्या अनोळखी माणसाशी फक्त ऑनलाइन बोलणं झालंय त्याची पहिली भेट ऑफिसात किंवा वर्दळीच्या जागी ठेवा. आधी त्याचं प्रोफाइल एकदा नीट तपासा. खातं किती जुनं आहे, समान ओळखींपैकी कोणी त्याला प्रत्यक्ष भेटलंय का, सांगितलेल्या कंपनीच्या पानावर तो कुठे दिसतो का? समान ओळखी आहेत एवढ्यावर विसंबू नका, रिक्वेस्ट न बघता स्वीकारणारे सगळीकडे असतात.

आता दोघांची ओळख करून देणं. इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. एकाला न विचारता दोघांचा ग्रुप बनवून ‘तुम्ही दोघं बोला, खूप समान आहे’ असं टाकलं की ज्याच्याकडे वेळ कमी आहे तो अडकतो, आणि त्याचा राग ओळख करून देणाऱ्यावर निघतो. आधी त्यालाच वेगळं विचारा: ‘माझ्या ओळखीत एक जण शीतगृह उभारतायत. वीज गेल्यावर करायच्या सोयीबद्दल तुमच्याशी पंधरा मिनिटं बोलायचंय. नंबर देऊ का?’ हो म्हणाले तरच पुढे जा. जोडताना प्रत्येकाबद्दल एक वाक्य आणि विषय काय हे लिहा. पहिलं उत्तर आलं की ‘आता तुम्ही दोघं बोला’ म्हणून बाजूला व्हा. ज्याच्यासाठी ओळख करून दिली त्याने आठवड्याने ‘बोलणं झालं, हे हे ठरलं’ असं कळवावं. हे न कळवणाऱ्याला पुढच्या वेळी कोणी नंबर देत नाही, आणि का देत नाही तेही सांगत नाही.

कार्यक्रमावर पोस्ट लिहायची असेल तर एकच लिहा, आणि तिथे नसलेल्यालाही उपयोगी पडेल अशी. मंचासमोरचा सेल्फी आणि पंचवीस जणांना टॅग, याने त्या पंचवीस जणांचे फोन दोन दिवस वाजत राहतात. ज्यांचं वाक्य वापरलंय त्यांनाच टॅग करा, तेही विचारून. स्लाइडचे फोटो टाकण्याआधी तर विचाराच, कारण हॉलमध्ये दाखवलेले आकडे जाहीर करायचे नसण्याची शक्यता बरीच असते. अशी पोस्ट आपल्या पाच जणांसाठी पुन्हा भेटल्यासारखी असते, बाकीचे वाचक हा वरचा नफा.

कार्यक्रमाच्या व्हॉट्सॲप ग्रुपात शिरलात की तुमचा नंबर तिथल्या सगळ्यांना दिसतो, आणि ग्रुपात 1,024 पर्यंत माणसं असू शकतात, हे ध्यानात असू द्या. कार्यक्रम संपल्यावर आठवडाभरात ज्यांच्याशी बोलायचं त्यांना वैयक्तिक लिहून घ्या आणि ग्रुप सोडा. तसंच नव्या ॲपने ‘तुमचे संपर्क जोडू का?’ असं विचारलं तर नाही म्हणा. फोनमधल्या लोकांनी त्यांचे नंबर तुम्हाला दिलेले असतात, त्या ॲपला दिलेले नसतात.

वर्षातून एकदा साफसफाईही हवी. पाठवलेल्या पण महिनोन्‌महिने स्वीकारल्या न गेलेल्या रिक्वेस्ट मागे घ्या. मागे घेतलेली रिक्वेस्ट त्याच माणसाला तीन आठवड्यांपर्यंत पुन्हा पाठवता येत नाही. म्हणून येत्या महिन्यात ज्याला भेटणार आहात त्याची रिक्वेस्ट आजच काढू नका. मग सेटिंगमध्ये जाऊन स्वतःच्या माहितीची प्रत मागवा. त्यातली जोडलेल्या लोकांची यादी स्प्रेडशीटमध्ये उघडते, आणि तिच्या एका रकान्यात कोणाशी कोणत्या तारखेला जोडले गेलात ते असतं. तो रकाना तारखेप्रमाणे लावा. एकेका तारखेपुढे नावांचे झुबके दिसतील. प्रत्येक झुबका म्हणजे एक कार्यक्रम. दिनदर्शिका शेजारी ठेवून तो कोणता होता ते लिहून काढा आणि ज्या नावामागे एखादं वाक्य, एखादी जागा किंवा अपुरं राहिलेलं आश्वासन आठवतं ते नाव तक्त्यात घ्या. आश्वासन तुमच्याकडून राहिलं असेल तर ते सर्वांत आधी. सहा महिने उशिरा गेलेला तक्ताही लोक वापरतात.